तांब्यापर्यंतची वाट



ही व्याख्यानमाला ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी आयुष्यभर जीवरसायन शिकवलं. कुठल्याही एन्झाइमबद्दल सर आधी विचारायचे, "याच्या आत कोण शिरू शकतं?" ते काम काय करतं, हा प्रश्न नंतरचा. आज मी रंग तयार करणाऱ्या एन्झाइमबद्दल बोलणार आहे, आणि सरांच्या त्या प्रश्नाला धरूनच बोलणार आहे.

आपल्या केसांचा, त्वचेचा आणि बुबुळांचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिन या रंजकद्रव्याचा असतो. टायरोसिन हे अमिनो आम्ल आपल्या बहुतेक प्रथिनांत थोडंफार असतंच. त्यापासून मेलॅनिन बनतं आणि या प्रवासाची पहिली, सगळ्यात अवघड पायरी टायरोसिनेज हे एन्झाइम पार पाडतं. त्याच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात. अळंबीत, बटाट्यात, खेकड्याच्या रक्तात आणि माणसाच्या त्वचेत ही तांब्याची जोडी जवळजवळ एकसारखीच बसवलेली आढळते. मग एका ठिकाणी रंग तयार होतो आणि दुसरीकडे नाही, असं का? माझं म्हणणं असं की याचं उत्तर तांब्यात शोधून सापडत नाही. त्याच्याभोवती प्रथिनाने काय उभारलं आहे, तिथपर्यंत कोण पोहोचतं आणि मुळात तांबं तिथे कसं येतं, यात ते आहे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आणि गोरं करणारी क्रीम यांबद्दल जे दावे रोज आपल्या कानावर पडतात, ते नेमके इथेच फसतात.

सुरुवात बटाट्यापासून करतो. बटाटा किसून ताटलीत ठेवला की कीस आधी गुलाबीसर होतो, मग तपकिरी आणि शेवटी काळपट. तोच बटाटा अख्खा असताना महिनाभरही आतून पांढराच राहतो. पेशीत फिनॉल जातीची द्रव्यं एका कप्प्यात असतात, एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. किसणीने दोन्ही फुटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंगाची साखळी सुरू होते. केळफूल चिरताना ते ताकाच्या पाण्यात टाकणारी, रसवंतीवर उसाबरोबर लिंबू पिळणारी आणि तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देणारी माणसं याच एन्झाइमच्या कुटुंबाला आवर घालत असतात. आपल्याकडे हे ज्ञान हाताला आहे, फक्त त्याला रसायनशास्त्राचा पत्ता जोडलेला नाही.

हा पत्ता शोधायला सुरुवात झाली पॅरिसमध्ये. बूर्कलो आणि बर्त्राँ या दोघांनी १८९५च्या सुमारास रानातली एक अळंबी अभ्यासली. ती कापली की आधी लाल आणि मग काळी पडते. तिच्या रसातला कारक पदार्थ टायरोसिनवर काम करतो हे लक्षात आल्यावर बर्त्राँने १८९६मध्ये त्याला टायरोसिनेज हे नाव दिलं. त्यात तांबं आहे आणि ते निव्वळ भेसळ म्हणून आलेलं नाही, हे सिद्ध व्हायला आणखी चार दशकं लागली. १९३७मध्ये जर्मनीत कुबोवित्झने बटाट्यातलं एन्झाइम शुद्ध केलं, सायनाइड वापरून त्यातलं तांबं काढून घेतलं, तेव्हा एन्झाइम निकामी झालं. तांबं परत दिलं, तर काम पुन्हा सुरू झालं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग जीवरसायनाच्या इतिहासात क्वचितच सापडतो.

आता गाभ्यात जाऊ. माणसाचं टायरोसिनेज ५२९ अमिनो आम्लांच्या साखळीने बनतं. त्यातले सहा हिस्टिडिन आपल्या कामाचे. क्रमांक १८०, २०२ आणि २११ हे तिघे पहिला तांब्याचा अणू धरतात. ३६३, ३६७ आणि ३९० दुसरा. आकड्यांकडे नीट पाहा: साखळीवर हे एकमेकांपासून कितीतरी लांब आहेत. साखळीची घडी बसते, चार मळसूत्री दांडे एकमेकांना टेकून उभे राहतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत हे सहाही जण आपापल्या कड्यातला नायट्रोजन तांब्याकडे रोखून बसतात. दोन तांब्यांमध्ये ऑक्सिजनचा रेणू आडवा पडतो, असा की त्याचा प्रत्येक अणू दोन्ही तांब्यांना भिडलेला असतो. त्या वेळी तांब्यांमधलं अंतर सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉम असतं. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. हवेतला ऑक्सिजन एरवी फार आळशी असतो. साखर डब्यात वर्षानुवर्षं पडून राहते, जळत नाही. या दोन तांब्यांमध्ये आडवा झालेला ऑक्सिजन मात्र टायरोसिनच्या कड्यावर जाऊन बसतो. टायरोसिनचा डोपाक्विनोन होतो. पुढच्या बऱ्याच पायऱ्या मग आपोआपही घडू शकतात. वाटेत सिस्टीन भेटलं तर लालसर मेलॅनिन बनतं, नाहीतर काळं-तपकिरी.

इथे एक गंमत आहे, आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी परीक्षानळीत पाहावी अशी आहे. शुद्ध टायरोसिनेज आणि टायरोसिन एकत्र केलं की लगेच काही होत नाही. द्रावण काही मिनिटं स्वच्छच राहतं. मग हळूहळू नारिंगी-गुलाबी छटा येते आणि नंतर ती भराभर गडद होत जाते. याचं कारण असं की साठवलेल्या एन्झाइममधलं तांबं बहुतांशी अशा अवस्थेत असतं, की त्याला ऑक्सिजन धरता येत नाही. ते जागं करायला डोपा नावाचं द्रव्य लागतं, आणि डोपा तर याच अभिक्रियेत तयार होतो. थोडक्यात, दुधाला विरजण लागतं तसं. सुरुवातीलाच डोपाचा एखादा थेंब टाकला, तर वाट पाहावी लागत नाही.

हीच जोडी ऑक्सिजन धरते आणि सोडून देते, रंग बनवत नाही, असंही घडतं. कोकणातल्या बाजारात टोपलीत चाललेल्या खेकड्यांचं रक्त लाल नसतं. त्यात हिमोग्लोबिनऐवजी हिमोसायनिन असतं: सहा हिस्टिडिन, दोन तांबे, मध्ये आडवा ऑक्सिजन. ऑक्सिजन असताना ते निळसर दिसतं, नसताना रंगहीन. प्रकाशशोषणाने तपासलं तर हिमोसायनिन आणि टायरोसिनेज यांचा ठसा इतका सारखा येतो, की नुसत्या त्यावरून फरक सांगणं कठीण. मग खेकड्याचं रक्त सतत काळं का पडत नाही? कारण त्याच्या तांब्याच्या तोंडाशी प्रथिनाचाच एक तुकडा बूच बसवल्यासारखा आहे. ऑक्सिजनएवढा लहान रेणू आत-बाहेर जातो, टायरोसिनच्या आकाराचं कड्याचं द्रव्य जाऊ शकत नाही. १९९८मध्ये डेकर आणि रिम्के यांनी टॅरँटुला कोळ्याचं हिमोसायनिन घेऊन प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमने ते बेताने कापलं. ऑक्सिजन वाहणारं प्रथिन रंगाच्या वाटेवरचं काम करू लागलं. तांब्याला कुणी हात लावला नव्हता. फक्त दार मोकळं झालं होतं. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे.

टायरोसिनेज कुटुंबातलीच काही प्रथिनंही अशी झाकलेली जन्माला येतात. २००६मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूच्या टायरोसिनेजची स्फटिकरचना प्रथमच उलगडली. ते एन्झाइम एकटं नव्हतं. त्याच्याशी घट्ट जोडलेलं एक छोटं प्रथिन होतं, त्याला 'कॅडी' म्हणतात. गोल्फच्या मैदानावर खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या माणसाचं ते नाव. हा कॅडी एन्झाइमला तांबं आणून देतो. पण रचनेत दिसलं ते आणखी विलक्षण होतं: कॅडीचं ९८व्या क्रमांकाचं टायरोसिन तांब्याच्या खोबणीत शिरलेलं होतं, अगदी खऱ्या टायरोसिनने जिथे बसायचं तिथे. तांबं पोचवणाराच जागा अडवून बसतो, म्हणजे वेळ येईपर्यंत एन्झाइम काम सुरू करत नाही. टायरोसिनेज बेलगाम चाललं तर क्विनोन तयार होतात आणि ते पेशीला विषारी असतात, हे लक्षात घेतलं की या बंदोबस्ताचं मोल कळतं.

वनस्पतींकडे वळलं की चित्र थोडं गुंतागुंतीचं होतं. रताळ्यातलं असंच एन्झाइम डोपासारख्या दोन हायड्रॉक्सिल गटांच्या द्रव्यांवर काम करतं, पण टायरोसिनसारख्या एका गटाच्या द्रव्यावर करत नाही. १९९८मध्ये त्याची रचना कळली तेव्हा तांब्याच्या वर एक फिनिलॲलॅनिन आडवं आलेलं दिसलं, आणि हाच अडसर कारण आहे असं सर्वांनी मानलं. मग २०१५मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी अक्रोडाच्या पानांतल्या टायरोसिनेजची रचना दिली. तिथेही तोच अडसर होता, तरीही ते टायरोसिनवर व्यवस्थित काम करत होतं. म्हणजे दार रुंद असणं पुरेसं नाही. आत शिरणाऱ्या रेणूला योग्य दिशेने वळवणारे आणि त्याचा हायड्रोजन सोडवून घेणारे शेजारीही हवेत. झाकणाची कल्पना खरी आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते, आणि हे मान्य करायला या क्षेत्राला बरीच वर्षं लागली.

माणसाकडे टायरोसिनेजचे दोन भाऊबंदही आहेत. त्यांतल्या टायरप-१ची स्फटिकरचना २०१७मध्ये आली. जिथे तांबं असेल असं वर्षानुवर्षं धरून चाललं होतं, तिथे जस्ताचे दोन अणू निघाले. जस्त ऑक्सिजनला असं धरू शकत नाही. तरी हे प्रथिन निरुपयोगी मुळीच नाही. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर काळ्या त्वचेच्या लोकांमध्ये सोनेरी केसांची मुलं सर्रास दिसतात. उन्हामुळे, समुद्रामुळे, युरोपीय रक्तामुळे, अशी नाना कारणं सांगितली जात. २०१२मध्ये कळलं की टायरप-१मधल्या ९३व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन आल्याचा तो परिणाम आहे, आणि हा बदल युरोपातल्या सोनेरी केसांपेक्षा अगदी वेगळा आहे.

आता तांबं तिथे पोचतं कसं, ते पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून सुमारे १०० मिलिग्रॅम तांबं असतं. पेशीत ते मोकळं फिरू दिलं जात नाही, कारण मोकळं तांबं घातक असतं. एक प्रथिन ते दुसऱ्याच्या हाती देतं. एटीपी-सेव्हन-ए नावाचा पंप ते पेशीच्या आतल्या कप्प्यांत ढकलतो. हा पंप बिघडला की मेंकेस रोग होतो: बाळाचे केस फिकट, कडक आणि पिळवटलेले येतात आणि मेंदूची वाढ खुंटते. १९६२मध्ये या रोगाचं वर्णन झालं, पण कारण कळलं १९७२मध्ये, मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांना. ऑस्ट्रेलियातल्या काही कुरणांच्या मातीत तांबं कमी आहे. तिथल्या मेंढ्यांच्या लोकरीचा कुरळेपणा जातो आणि काळ्या मेंढीची लोकर फिकी पडते. चाऱ्यात तांबं दिलं की वाढणारी लोकर पुन्हा काळी येते, काढून घेतलं की पांढुरकी. लोकरीच्या एकाच बटेवर असे पट्टे उठवता येतात. डँक्सना आजारी बाळांच्या केसांत ती मेंढ्यांची लोकर दिसली. बालरोगतज्ज्ञाला मेंढपाळाची गोष्ट माहीत असल्यामुळे एका रोगाचं मूळ सापडलं, याचा मला फार आनंद वाटतो.

२००८मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. टायरोसिनेजला एकदा मिळालेलं तांबं वाटेत निसटतं. मेलॅनिन जिथे तयार होतं त्या पिशव्यांमध्ये, मेलॅनोसोममध्ये, हाच पंप जाऊन उभा राहतो आणि तिथे एन्झाइमला तांबं पुन्हा देतो. म्हणजे दोन तांबे योग्य ठिकाणी बसणं ही एकदाच घडणारी गोष्ट नाही. तो सतत चाललेला पुरवठा आहे.

घडीचं महत्त्व सयामी मांजरीत डोळ्यांना दिसतं. तिच्या टायरोसिनेजमध्ये ३०२व्या जागी ग्लायसिनच्या ऐवजी आर्जिनिन आहे. ही जागा सहा हिस्टिडिनपैकी कुणाचीच नाही. पण त्यामुळे घडी सैल होते आणि शरीराच्या उबेत एन्झाइम टिकत नाही. कान, नाक, पंजे, शेपूट हे भाग थंड, म्हणून तिथे घडी टिकते आणि तेवढेच भाग काळे होतात. मांजरीच्या अंगावर तिच्या तापमानाचा नकाशा उमटलेला असतो. माणसांतल्या अल्बिनिझमच्या अनेक प्रकारांत हेच घडतं. तांब्यापासून दूर कुठेतरी एक अमिनो आम्ल बदलतं, घडी नीट बसत नाही, आणि पेशीतली तपासणी यंत्रणा ते प्रथिन मेलॅनोसोमपर्यंत जाऊच देत नाही. पश्चिम बंगालमधल्या तिली समाजात कोलकात्याच्या शास्त्रज्ञांना वेगळा बदल सापडला: साखळी २७८व्या जागीच थांबते. आधी सांगितलेले आकडे आठवा. दुसऱ्या तांब्याचे तिन्ही हिस्टिडिन ३६३पासून पुढे आहेत. तिथपर्यंत साखळी जातच नाही.

अशा मुलांना फक्त गोरं म्हणून सोडून देणं हा अन्याय आहे. गर्भात डोळा घडताना मेलॅनिन नसलं तर दृष्टिपटलाचा मध्यबिंदू नीट तयार होत नाही आणि डोळ्यांतून मेंदूकडे जाणारे काही तंतू चुकीच्या बाजूला जातात. म्हणून डोळे हलत राहतात, फळ्यावरचं दिसत नाही. नायटिसिनोन या औषधाने रक्तातलं टायरोसिन वाढतं आणि ढिल्या घडीच्या टायरोसिनेजला आधार मिळतो, हे उंदरांत दिसलं. माणसांवरच्या छोट्या चाचणीत केस आणि त्वचा थोडी गडद झाली, डोळ्यांना मात्र ठोस फायदा सिद्ध झाला नाही. तोवर पहिला बाक, मोठा टाइप, टोपी, गडद चष्मा आणि उन्हापासून त्वचेचं रक्षण, एवढं तर प्रत्येक शाळा आज करू शकते.

आता कोड. कोडात आपलीच रोगप्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या मरतात. डागात टायरोसिनेजला तांबं कमी पडत नाही. तिथे टायरोसिनेज असलेली पेशीच उरत नाही. म्हणून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन कोड जाईल, ही आशा मुळातच चुकीच्या ठिकाणी ठेवलेली आहे. कोड लागट नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्याने ते होत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर केला. तरी लग्न ठरवताना आजही हा डाग लपवावा लागतो, हे मला सहन होत नाही.

तांबं निरुपद्रवी असतं असं समजणाऱ्यांना पुण्याची एक गोष्ट सांगायला हवी. लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक जीवघेणा आजार आपल्या देशात होता. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात आनंद पंडित, शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी टॅनर यांनी त्याचा माग काढला. तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून ठेवलेलं दूध अगदी लहान बाळांना पाजलं जाई आणि त्यातून तांबं यकृतात साठे. भांडी बदलली, आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. कोडासाठी कुणाला, विशेषतः मुलांना, तांब्याच्या गोळ्या वा भस्मं देण्याआधी हे आठवावं.

शेवटचा मुद्दा क्रीमचा. त्वचा उजळवण्यासाठी टायरोसिनेज अडवणारी द्रव्यं शोधली जातात. कोजिक आम्ल तांब्याला पकडतं, असं डब्यांवर छापलेलंही असतं. ही द्रव्यं निवडताना अनेक दशकं अळंबीचं टायरोसिनेज वापरलं गेलं, कारण ते बाजारात सहज आणि स्वस्त मिळतं. तांबं तेच, तर निष्कर्षही तोच येणार, असं गृहीत धरलं होतं. २०१८मध्ये जर्मन संशोधकांनी माणसाचं टायरोसिनेज प्रयोगशाळेत बनवून द्रव्यं त्यावर तपासली. अळंबीवर गाजलेली कोजिक आम्ल आणि अर्ब्यूटिन यांच्यासारखी द्रव्यं माणसाच्या एन्झाइमवर फारच दुबळी ठरली. हिस्टिडिन सहाच आणि तांबे दोनच, पण खोबणीच्या भिंती वेगळ्या.

आणि आत शिरणं जमलं, तरी गोष्ट तिथे संपत नाही. जपानमध्ये ऱ्होडोडेंड्रॉल नावाचं द्रव्य त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांत घातलं गेलं. ते टायरोसिनेजला अडवतं हे खरं होतं, पण अडवतं ते स्वतः टायरोसिनसारखं आत शिरून. तांबं त्याच्यावर काम करतं, त्याचा विषारी क्विनोन होतो आणि रंगपेशीच मरते. २०१३मध्ये ही उत्पादनं परत घेण्यात आली. तोवर हजारो लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे डाग आले होते. वापर थांबवल्यावर अनेकांचा रंग परतला, काहींचा नाही. त्वचेसाठी येणाऱ्या अशा प्रत्येक नव्या रेणूबद्दल दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत: तो तांब्याला अडवतो का, आणि तांबं त्याचं काय करतं. ही तपासणी माणसाच्या एन्झाइमवर आणि जिवंत रंगपेशींवर व्हावी. तिची पहिली पायरी, म्हणजे एन्झाइम आणि रेणू एकत्र करून वर्णपटमापकावर क्विनोन उठतो का ते पाहणं, आपल्या कुठल्याही चांगल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एका दुपारी होऊ शकते.